शून्य कॅनची नोंद

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगा आणि कृष्णा या नद्यांचे पाणी कोल्हापूर-सांगलीच्या गावागावांत शिरले, पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला आणि त्या पट्ट्यातले दूध गोठ्यातून बाहेर पडेनासे झाले. मी तेव्हा दूध संकलन केंद्रांसाठी नोंदींचा एक छोटा प्रोग्राम लिहिणाऱ्या गटात काम करत होते. सकाळी आणि संध्याकाळी किती कॅन भरले हे केंद्राच्या सचिवांनी लिहायचे, आणि दर दहा दिवसांनी त्या नोंदींवरून बिल काढायचे, अशी ती व्यवस्था होती. दहा दिवसांच्या वीस वेळा, म्हणून वीस नोंदी; त्या पूर्ण झाल्याखेरीज हिशेब पुढे सरकत नसे. सात तारखेला दुपारी एका सचिवांचा फोन आला. त्यांचे गाव उंचावर होते, वीजही होती, पण चारी बाजूंचे रस्ते पाण्याखाली होते. ते म्हणाले, "ताई, कालपास्नं गाडीच न्हाई, दूध घेतलंच न्हाई. शून्य घालतोय तर घेईनाच झालंय. काय घालू?"

शून्य न घेणारा तो फॉर्म मी लिहिला होता. प्रोग्रामने काय काय करायचे हे लिहिलेल्या आमच्या मागणीपत्रकात त्या रकान्यासमोर दोनच शब्द होते : "नैसर्गिक संख्या". मी शाळेत शिकले होते की नैसर्गिक संख्या म्हणजे १, २, ३ आणि पुढे. म्हणून एकापेक्षा लहान काहीही आले तर ते परत पाठवायचे, अशी तपासणी मी मन लावून लिहिली होती. बिलाचा भाग माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी लिहिला होता. त्यांचे शिक्षण गणिती तर्कशास्त्रात झाले होते आणि त्यांच्या लेखी नैसर्गिक संख्या शून्यापासूनच सुरू होत होत्या, म्हणून दूध आले नाही तर त्या वेळेपुढे शून्य लिहिले जाईल हे त्यांनी गृहीत धरले होते. एकच शब्द आम्ही दोघांनी वाचला होता, दोघांनाही तो स्वयंस्पष्ट वाटला होता, आणि म्हणूनच त्याचा अर्थ एकमेकांना विचारण्याची गरज कोणालाच वाटली नव्हती. दुरुस्ती करून पाठवायला मला दीड दिवस लागला. तेवढ्यात तीन केंद्रांनी आपापल्या परीने वाट काढली होती : प्रोग्राम शून्य घेत नाही म्हणून त्यांनी एक कॅन लिहिला होता.

ते तीन कॅन मला पुढे फार दिवस छळत राहिले. बिल अडकले, ही गोष्ट गंभीर होतीच. पण कधीही न भरलेले, कोणत्याही गाडीत न चढलेले ते कॅन कागदावर अवतरले होते, आणि ते अवतरण्याचे कारण सचिवांचा अप्रामाणिकपणा नसून मी शून्याला नाकारलेली जागा हे होते. प्रोग्रामला खरे उत्तर घेता येत नसेल, तर माणसाला खोटे उत्तर द्यावे लागते. तेव्हापासून "शून्य ही नैसर्गिक संख्या आहे का" हा प्रश्न मला केवळ व्याख्येचा किंवा आवडीनिवडीचा वाटत नाही. वेगवेगळ्या प्रोग्रामिंग भाषांनी त्याचे काय उत्तर दिले आहे हे मी तेव्हापासून आस्थेने पाहत आले आहे.

शाळेतल्या व्याख्येवर माझा राग नाही. आपली पाठ्यपुस्तके नैसर्गिक संख्यांना मोजसंख्याही म्हणतात, आणि त्यांच्यात शून्य मिळवले की जो समूह होतो त्याला पूर्ण संख्या असे वेगळे नाव देतात. मोजणे या क्रियेकडे पाहिले तर ही विभागणी अगदी योग्य आहे. माझे आजोबा खळ्यावर पायलीने ज्वारी मोजत तेव्हा पहिल्या पायलीला "एक" न म्हणता "लाभ" म्हणत. लाभ, दोन, तीन अशी मोजणी चाले. लहानपणी मी त्यांना विचारले होते की पहिली पायली भरण्याआधी काय म्हणायचे. ते म्हणाले, "भरायच्या आधी काय म्हणायचं, पोरी? हात जोडायचे." राशीला हात जोडून झाले की मोजणी सुरू होई, आणि हात जोडण्याच्या त्या क्षणाला आकडा नव्हता. जे मोजायचे ते समोर असल्यावरच मोजणी सुरू होते, म्हणून मोजणाऱ्याला शून्याची गरज भासत नाही. मोजणी झाल्यावर मात्र दुसरा कोणीतरी विचारतो, "किती भरले?", आणि या प्रश्नाचे एक उत्तर "काहीच नाही" हेही असते. मोजताना तोंडून निघणारे आकडे आणि "किती" या प्रश्नाची उत्तरे हे दोन वेगळे समूह आहेत. पहिला एकापासून सुरू होतो, दुसरा शून्यापासून. नैसर्गिक हे विशेषण या दोघांपैकी कोणाला द्यायचे, हा खरा वाद आहे.

शून्याला संख्या म्हणून मान्यता मिळण्याशी या वादाचा संबंध वाटतो तेवढा नाही. ब्रह्मगुप्तांनी इ. स. ६२८ मध्ये धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज-वजाबाकीचे नियम सांगितले, आणि ११५० मध्ये भास्कराचार्यांनी लीलावतीत शून्याच्या आठ परिकर्मांना, म्हणजे गणिती क्रियांना, स्वतंत्र जागा दिली. संख्या म्हणून शून्याचे स्थान आपल्याकडे पक्के होते. तरीही ते मोजसंख्यांच्या रांगेत सर्वांत पुढे उभे आहे की नाही, हा प्रश्न त्या नियमांनी सुटत नाही, कारण ऋण संख्याही त्याच नियमांत आहेत आणि त्यांना कोणी नैसर्गिक म्हणत नाही.

युरोपातल्या गणितज्ञांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संख्यांचा पाया नव्याने रचला तेव्हाही एकमत नव्हते. फ्रेगे यांनी १८८४ मध्ये शून्यापासून सुरुवात केली. जी वस्तू स्वतःशीच समान नाही अशा वस्तूंची संख्या म्हणजे शून्य, अशी त्यांची व्याख्या होती. डेडेकिंड यांनी १८८८ मध्ये एकापासून केली. पेआनो यांची गृहीतके १८८९ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा त्यांत पहिली संख्या एक होती, आणि पुढे त्यांनी स्वतःच ती बदलून शून्य केली. एकाच माणसाने आपल्याच गृहीतकांची पहिली ओळ बदलावी आणि तरीही बाकीच्या ओळी जवळजवळ तशाच उभ्या राहाव्यात, याचा मला विलक्षण अचंबा वाटतो. कारण "प्रत्येक संख्येच्या पुढे एक संख्या असते" हे सांगताना पहिली संख्या कोणती याने काही बिघडत नाही. बिघडते ते बेरीज करायला घेतल्यावर : शून्यापासून सुरुवात केली तर "कोणत्याही संख्येत शून्य मिळवले की तीच संख्या" ही बेरजेच्या व्याख्येची पहिली पायरी होते, आणि एकापासून केली तर ती पायरी "एक मिळवला की पुढची संख्या" अशी होते. दोन्ही जिने वर नेतात, पण पहिल्या जिन्याची सुरुवात जमिनीपासून होते.

प्रोग्रामिंग भाषांपैकी एडा या भाषेने हा प्रश्न ज्या सरळपणाने सोडवला त्याचे मला फार कौतुक वाटते. अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी झ्याँ इश्बिया यांच्या नेतृत्वाखाली ती रचली गेली आणि १९८३ मध्ये तिचे प्रमाणरूप ठरले. तिच्यात पूर्णांकांचे दोन उपप्रकार भाषेबरोबरच मिळतात. नॅचरल हा शून्यापासून सुरू होतो आणि पॉझिटिव्ह हा एकापासून. वाद घालत बसण्यापेक्षा दोघांनाही नाव द्यावे, हा निर्णय मला शहाणपणाचा वाटतो. त्यापुढची गोष्ट अधिक सुंदर आहे. एडामध्ये अक्षरांच्या मालिकेतल्या जागा पॉझिटिव्ह असतात, म्हणजे पहिले अक्षर पहिल्या जागी असते, शून्याव्या नव्हे. आणि त्याच मालिकेची लांबी मात्र शून्य असू शकते. कोरी मालिका कुठून कुठे आहे असे विचारले तर एडा सांगते : एकापासून शून्यापर्यंत. ऐकायला विचित्र वाटणारे हे उत्तर अचूक आहे, कारण एकापासून निघून शून्यापर्यंत जाणाऱ्या वाटेवर एकही जागा लागत नाही. शिवाय एका मालिकेत दुसरी शोधायला सांगितली आणि ती सापडली नाही, तर शोधणारे फंक्शन शून्य परत देते. शून्य ही कोणाचीच जागा नसल्यामुळे ते "नाही" म्हणायला मोकळे राहते. पायथनमध्ये पहिली जागाच शून्य असल्याने तिथे "सापडले नाही" हे सांगायला उणे एकाकडे जावे लागते. एकाच भाषेत "कितवे" याचे उत्तर एकापासून आणि "किती" याचे उत्तर शून्यापासून सुरू होऊ शकते, आणि त्यात कोणतीही विसंगती नसते, हे मी एडाकडून शिकले. माझ्या मागणीपत्रकात हे दोन शब्द असते तर ते तीन कॅन जन्माला आले नसते.

ज्या भाषांमध्ये गणिताच्या सिद्धता लिहिल्या आणि तपासल्या जातात, त्यांच्यात तर शून्याला पर्यायच नाही. फ्रान्समध्ये १९८० च्या दशकात आकाराला आलेली कॉक, जिचे नाव आता रॉक झाले आहे, आणि लिओनार्दो द मौरा यांनी २०१३ मध्ये सुरू केलेली लीन, या दोन्हींमध्ये नैसर्गिक संख्या दोनच प्रकारे तयार होते : ती शून्य असते, किंवा आधीच्या एखाद्या नैसर्गिक संख्येची पुढची संख्या असते. याच भाषांमध्ये यादी कशी तयार होते हे शेजारी ठेवून पाहावे. यादी रिकामी असते, किंवा आधीच्या एखाद्या यादीला एक घटक जोडून झालेली असते. दोन्ही व्याख्यांचा साचा तोच आहे. यादीतल्या घटकांवरची नावे पुसून टाकली आणि सगळे मणी एकसारखे केले, की यादीचीच संख्या होते, आणि रिकाम्या यादीची संख्या शून्य होते. आता कोणी म्हणाले की नैसर्गिक संख्या एकापासून सुरू व्हाव्यात, तर त्याच न्यायाने रिकामी यादी ही यादी नाही असे म्हणावे लागेल. ज्याने चार दिवस तरी प्रोग्राम लिहिले आहेत त्याला हे मान्य होणार नाही. शोध घेतला आणि काही सापडले नाही, फाईल उघडली आणि तिच्यात एकही ओळ नव्हती, केंद्र उघडले आणि गाडी आली नाही : रिकामी यादी ही रोज भेटणारी, अगदी साधी स्थिती आहे.

इथे मला एक भेद जपावासा वाटतो, जो पुरानंतरच्या दुरुस्तीत आम्हाला पदोपदी लागला. नोंद नसणे आणि नोंदीत शून्य असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोंद नाही याचा अर्थ आम्हाला माहीत नाही. शून्य आहे याचा अर्थ आम्ही पाहिले, मोजले आणि काही नव्हते. पहिल्यात अज्ञान आहे, दुसऱ्यात ज्ञान आहे. माझा फॉर्म शून्य नाकारून सचिवांचे ज्ञान अज्ञानाच्या रकान्यात ढकलत होता. शून्याला नैसर्गिक संख्यांत जागा देणे म्हणजे "काही नव्हते" या वाक्याला "चार होते" या वाक्याइतकीच प्रतिष्ठा देणे, असे मला वाटते.

प्रोग्रामरांच्या जगात या विषयावरचे सर्वांत प्रभावी लिखाण डच संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डायक्स्ट्रा यांनी ११ ऑगस्ट १९८२ रोजी हाताने लिहिलेले एक छोटे टिपण आहे. त्यांच्या इतर टिपणांसारखाच त्यालाही क्रमांक आहे, ८३१. क्रमांक शून्यापासून का सुरू व्हावेत हे त्यात सांगितले आहे, पण तिथपर्यंत ते एका वेगळ्याच वाटेने जातात : सलग संख्यांचा तुकडा कसा लिहावा, या प्रश्नाने. आपल्याकडे हा प्रश्न "पर्यंत" या शब्दात लपलेला असतो. सहा तारखेपासून दहा तारखेपर्यंत म्हटले की दहातून सहा वजा करून चार येतात, आणि दिवस मात्र पाच असतात. कारण दोन्ही टोके आत धरलेली असतात. डायक्स्ट्रा सुचवतात की सुरुवातीचे टोक आत धरावे आणि शेवटचे बाहेर ठेवावे. सहापासून अकरापर्यंत, अकरा न धरता. अकरातून सहा गेले, पाच दिवस. शिवाय एक तुकडा जिथे संपतो तोच आकडा पुढच्या तुकड्याची सुरुवात होतो, त्यामुळे मध्ये फट राहत नाही आणि कोणता दिवस दोनदा मोजला जात नाही. आणि तुकडा आक्रसत आक्रसत रिकामा झाला तरी दोन्ही टोके समान होतात एवढेच; कोणालाही सुरुवातीच्या मागे जावे लागत नाही. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात मेसा नावाची भाषा वापरात होती, जिच्यात टोके आत किंवा बाहेर धरण्याच्या चारही पद्धती उपलब्ध होत्या. बाकीच्या तीन पद्धतींनी चुका आणि अवघडलेपण वाढते हा तिथला अनुभव त्यांनी पुरावा म्हणून दिला आहे.

एकदा ही पद्धत मान्य केली की एन घटकांच्या यादीला एकापासून एन अधिक एकापर्यंत क्रमांक द्यावेत की शून्यापासून एनपर्यंत, यात निवड अवघड राहत नाही. शून्यापासून दिले तर प्रत्येक घटकाचा क्रमांक म्हणजे त्याच्या आधी असलेल्या घटकांची संख्या होते. त्या टिपणातले मला सर्वांत मोलाचे वाटलेले निरीक्षण हेच, आणि त्याच्याच बळावर ते शेवटी म्हणतात की इतक्या शतकांनंतर तरी आपण शून्याला अत्यंत नैसर्गिक संख्या मानलेले बरे.

आधी किती झाले, यावरून क्रमांक देण्याची ही रीत मराठी माणसाला परकी नाही, हे मला बऱ्याच उशिरा लक्षात आले. मुलाचे वय सांगताना आपण "पाच पूर्ण झाली, सहावे लागले" असे म्हणतो; चालू वर्ष सहावे आणि गत वर्षे पाच, हे दोन्ही हिशेब एकाच वाक्यात गुण्यागोविंदाने राहतात. पहिले वर्ष चालू असलेल्या बाळाची गत वर्षे शून्य असतात. इमारतीच्या जमिनीलगतच्या मजल्याला आपण तळमजला म्हणतो आणि त्याच्या वरचा तो पहिला. एकक, दशक, शतक या स्थानांतही तेच आहे : एकक हे पहिले स्थान, पण त्याच्या उजवीकडे एकही अंक नाही, म्हणून दहाचा शून्यावा घात.

पण गत वर्षांचा हिशेब सर्वांत नेटका दिसतो तो पंचांगाच्या गणितात. गणेश दैवज्ञ हे मुरूडजवळच्या नांदगावचे ज्योतिषी. शके १४४२ म्हणजे इ. स. १५२० हे आरंभवर्ष धरून त्यांनी ग्रहलाघव रचले आणि महाराष्ट्रातली पंचांगे पुढे कित्येक पिढ्या त्यावरून होत राहिली. एखाद्या दिवसाचे ग्रह काढायचे तर आरंभापासून त्या दिवसापर्यंत किती दिवस उलटले ते आधी काढावे लागते, त्याला अहर्गण म्हणतात. आकडे फार मोठे होऊ नयेत म्हणून गणेश दैवज्ञांनी अकरा वर्षांचे, म्हणजे ४०१६ दिवसांचे एक चक्र कल्पिले. इष्ट शकातून १४४२ वजा करायचे, बाकीला अकराने भागायचे; भागाकार म्हणजे पूर्ण झालेली चक्रे आणि उरलेला शेष म्हणजे चालू चक्रातली गत वर्षे. शके १९४८ घेतले तर वजाबाकी ५०६ येते, भागाकार ४६ आणि शेष शून्य : सेहेचाळीस चक्रे पुरी झाली, नव्या चक्रातले एकही वर्ष अजून सरलेले नाही. शेषाला बाराने गुणून त्यात चैत्रापासून गेलेले महिने मिळवायचे, आणि पुढे गत तिथी. चैत्र महिना चालू असेल तर गेलेले महिने शून्य. प्रतिपदा चालू असेल तर गत तिथी शून्य. हा शेष शून्यापासून दहापर्यंत जातो, अकरापर्यंत कधीच नाही. डायक्स्ट्रांचा शून्यापासून एनपर्यंतचा तुकडा तो हाच.

हे वाचत असताना मला सी या भाषेतली तारीख आठवली. सी भाषेत तारीख ज्या रचनेत ठेवतात तिच्यात जानेवारी म्हणजे शून्य आणि डिसेंबर म्हणजे अकरा, पण महिन्याचा दिवस मात्र एकापासून एकतीसपर्यंत. महिना गत रीतीने मोजलेला आणि दिवस चालू रीतीने, तेही शेजारशेजारच्या दोन रकान्यांत. जावास्क्रिप्टमध्येही महिने शून्यापासून आणि दिवस एकापासून आहेत, आणि महिनाभर पुढे-मागे सरकलेल्या तारखा दुरुस्त करण्यात माझ्या पिढीच्या प्रोग्रामरांचे किती तास गेले असतील याची मोजदाद नाही. नांदगावच्या गणितात महिने आणि तिथी दोन्ही गत आहेत. एक रीत धरली आणि ती शेवटपर्यंत पाळली, एवढ्याने चुकांचा एक अख्खा प्रकार नाहीसा होतो.

क्रमांक एकापासून देणाऱ्या भाषांना मी चुकीचे म्हणत नाही. फोरट्रान, मॅटलॅब, आर, लुआ, ज्युलिया या भाषा पहिल्या घटकाला पहिला म्हणतात. मॅट्रिक्सची पहिली ओळ आणि पहिला स्तंभ असे लिहिणाऱ्या गणितज्ञाला आणि अभियंत्याला ते सोयीचे आहे. पण या भाषांतही यादीची लांबी शून्य असू शकते. म्हणजे क्रमांक कुठून सुरू करावा हा प्रश्न आणि शून्य नैसर्गिक आहे का हा प्रश्न, दोन्ही एकच असल्यासारखे बोलले जातात खरे, पण पहिल्याचे उत्तर भाषागणिक बदलते आणि दुसऱ्याचे बदलत नाही. "किती" विचारणाऱ्या प्रत्येक भाषेला शून्य घ्यावेच लागते.

शून्य घेतले की त्याचा भारही उचलावा लागतो, हे मात्र मान्य केले पाहिजे. नैसर्गिक संख्यांच्या जगात शून्यातून एक वजा केला तर काय उरते? ब्रह्मगुप्तांकडे याचे उत्तर होते : शून्यातून धन गेले की ऋण. पण ज्या प्रकारात ऋणाला जागाच ठेवलेली नाही, तिथे भाषांनी तीन वेगवेगळे मार्ग काढले. सी भाषेतला चिन्हरहित पूर्णांक गाडीच्या किलोमीटर मोजणाऱ्या चक्रासारखा उलटा फिरतो आणि बत्तीस बिटांत ४२९४९६७२९५ हे उत्तर देतो. उलट दिशेने मोजत शून्यापर्यंत येणारे लूप, म्हणजे तीच कृती पुन्हा पुन्हा करणारा प्रोग्रामचा भाग, या एका वागणुकीमुळे कधीच थांबत नाही, कारण चिन्हरहित संख्या शून्यापेक्षा लहान होऊच शकत नाही. लीन आणि कॉक शून्यावरच थांबतात. त्यांच्या नैसर्गिक संख्यांत तीनातून पाच गेले तरी शून्यच उरते. प्रत्येक क्रियेला उत्तर असलेच पाहिजे या त्यांच्या शिस्तीतून ते येते, आणि सिद्धता लिहिताना त्याची सोयही होते. पण दोनातून तीन वजा करून पुन्हा तीन मिळवले तर तीन येतात, दोन नव्हे, हे नवख्याला पुन्हा पुन्हा समजावून घ्यावे लागते. तिसरा मार्ग हॅस्केल या भाषेतल्या नॅचरल या प्रकाराचा आणि एडाचा : असे उत्तर या प्रकारात बसत नाही, असे सांगून तिथेच थांबायचे. दुधाच्या हिशेबासाठी मला तिसरा मार्ग योग्य वाटतो. कॅन परत केले म्हणून संख्या उणे होणार असेल, तर हिशेबात आधीच काहीतरी चुकलेले असते, आणि तिथे शून्य दाखवून गप्प बसणे किंवा चारशे कोटींचा आकडा दाखवणे, दोन्हीही मला सहन होणार नाही.

भागाकारातही असेच आहे. सरासरी काढायची तर भाजक शून्य असून चालत नाही, आणि तिथे मला एकापासून सुरू होणारा प्रकारच हवा असतो. रस्ट या भाषेत शून्य नसलेल्या पूर्णांकांचे वेगळे प्रकार आहेत, लीनच्या गणित-संग्रहात धन नैसर्गिक संख्यांचा वेगळा प्रकार आहे, प्रोग्रामने काय करायचे ते गणिती चिन्हांत लिहिण्याच्या झेड या पद्धतीत नैसर्गिक संख्यांच्या चिन्हाला खाली एक लावून शून्य वगळले जाते. शून्यापासून सुरू होणाऱ्या समूहाला मूळ नाव आणि एकापासून सुरू होणाऱ्याला जोडनाव, अशी ही पद्धत आहे; गणिती चिन्हांच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणातही, आयएसओ ८०००० च्या दुसऱ्या भागात, नैसर्गिक संख्यांच्या समूहात शून्य धरलेले आहे. माहिती लिहून ठेवण्याच्या एक्सएमएल या पद्धतीच्या प्रमाणाने तर नैसर्गिक हा शब्दच टाळला आणि "ऋण नसलेला पूर्णांक" व "धन पूर्णांक" अशी दोन नावे घेतली. लांबलचक असली तरी त्यांचा गैरसमज होत नाही. आमच्या मागणीपत्रकात आम्ही शेवटी हाच मार्ग धरला. "कॅनची संख्या : नैसर्गिक संख्या" ही ओळ खोडून "कॅनची संख्या : शून्य किंवा त्याहून मोठा पूर्णांक" असे लिहिले, आणि सरासरीच्या रकान्यापुढे "भरलेल्या वेळांची संख्या : एक किंवा त्याहून मोठा पूर्णांक" असे लिहिले. माझ्या मनात मात्र नैसर्गिक या शब्दाचा अर्थ त्या आठवड्यात कायमचा बदलला होता.

पाणी ओसरल्यावर ज्यांनी एक कॅन लिहिला होता त्या तिन्ही केंद्रांना मी स्वतः फोन केला आणि नोंदी एकेक करून सुधारून घेतल्या. पहिला फोन ज्यांनी केला होता त्या सचिवांशीही बोलणे झाले. त्यांनी खोटा आकडा घातला नव्हता. रकाने तसेच कोरे ठेवून वहीत पेनाने लिहून ठेवले होते. पहिल्या बिलातल्या दहा वेळा आणि दुसऱ्या बिलातल्या चार, अशा त्या नोंदी होत्या. मी प्रोग्राम उघडून बसले आणि ते वहीतून वाचू लागले. सहा तारीख, सकाळ, शून्य. सहा तारीख, संध्याकाळ, शून्य. सात तारीख, सकाळ, शून्य. मी प्रत्येक वेळी आकडा घालत होते आणि रकाना तो घेत होता. ते घाई करत नव्हते, एकही ओळ गाळत नव्हते, "आणि पुढं बी तसंच" असे एकदाही म्हणत नव्हते. बारा तारीख, संध्याकाळ, शून्य. मग पान उलटल्याचा आवाज आला आणि ते म्हणाले, "तेरा तारीख, सकाळ. चार कॅन."